दत्तूनानांची काठी

दत्तूनाना दिवसाढवळ्या बॅटरी घेऊन फिरतात. आमच्या वारूळवाडीत बिबट्याच्या भीतीनं संध्याकाळनंतर सगळ्यांच्याच हातात बॅटरी असते, पण नाना भर दुपारी दाढी करायला जातानाही ती खिशात घालतात. विचारलं तर म्हणतात, "समजा, न्हाव्याकडंच लाईट गेली अन् वस्तरा माझ्या गळ्यावर असला तर?"

हे 'समजा' त्यांच्या तोंडात कायमचं बसलेलं आहे. कुठल्याही गोष्टीतलं सगळ्यात वाईट त्यांना आपल्या आधी दिसतं. लग्नाच्या मांडवात ते खांबाजवळ बसत नाहीत. भाताचा पहिला घास खड्यासाठी जिभेवर बराच वेळ फिरवतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी डेअरीत दुधाचं फॅट तपासण्यात घालवली. दुधात पाणी असणारच असं धरून चालायची सवय लागली आणि रिटायर झाल्यावरही ती सुटली नाही. आता दुधाऐवजी ते सगळ्या जगाकडं त्याच नजरेनं बघतात.

माझं नारायणगावात चष्म्याचं दुकान आहे आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून काठीचं प्रकरण माझ्याकडं आलं.

झालं असं, की नाना शेताच्या बांधावरून घसरले आणि खुब्याला मार बसला. हळूहळू बरे झाले, पण डॉक्टरांनी सांगितलं, घरात ठीक आहे, प्रवासाला निघाल तर काठी घ्या. आणि प्रवास तर समोर उभा होता. धुळ्याहून त्यांच्या भाच्याचा फोन आला होता, की आईची तब्येत उतरत चालली आहे, मामा, लवकर येऊन जा. भाच्याची आई म्हणजे नानांची थोरली बहीण, आक्का. नाना लहान असतानाच त्यांची आई गेली. तेव्हापासून आक्काचं लग्न होईपर्यंत तिनंच त्यांना वाढवलं. नानांच्या मुलाला कंपनीतून रजा मिळत नव्हती, म्हणून सोबत मी जायचं ठरलं. नाना म्हणाले, "काठी घेतली की निगू." मला वाटलं, काठी घ्यायला असा किती वेळ लागणार?

घरात वेळूची काठी होती, तिला घुंगरू बांधलेले. बिबट्याला आवाज जावा म्हणून आमच्याकडं तशा काठ्या असतात. ती नानांनी पहिल्याच दिवशी बाद केली, एसटीत माणसं झोपलेली असतात म्हणून. मग भीमाशंकरहून कुणीतरी बाकदार मुठीची लाकडी काठी आणून दिली. तिचा रंग घामानं हाताला लागत होता. चार पायांची काठी घेऊन ते थेट नारायणगावच्या स्टँडवर गेले आणि उभ्या एसटीच्या पायरीवर ती ठेवून बघत बसले. कंडक्टरनं विचारलं, पावणं, चढताय का उतरताय? नाना म्हणाले, अजून ठरलं न्हाई. वॉकर आणला, तर दोन्ही हात अडकतात म्हणून परत केला. मध्ये एकदा छत्री टेकत दुकानात आले आणि म्हणाले, छत्री असली की कुणाला काही कळत न्हाई. पण तिचं टोक फरशीवर सरकलं, नाना काउंटरवर आडवे झाले आणि छत्रीही बाद झाली.

फ्रेम निवडायला अर्धा दिवस लावणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो, त्यामुळं मला चीड लवकर येत नाही. पण इकडं भाच्याचे फोन वाढत होते. नाना फोन घेऊन परसात जायचे, हळू आवाजात बोलायचे आणि परत आले की चेहरा उतरलेला असायचा. काय झालं विचारलं, तर विषय पुन्हा काठीवर. मलाच रात्री झोप लागेना. हा माणूस काठ्याच तपासत राहील आणि तिकडं भलतंच काहीतरी होऊन बसेल, असं वाटायचं. शेवटी एक दिवस मी बोलून गेलो, की नाना, तुमच्या काठीसाठी आक्का थांबून राहणार नाही. ते नुसते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते दारात उभे होते. हातात मेडिकलमधून आणलेली घडीची काठी होती. काठीवर त्यांचा विशेष विश्वास दिसत नव्हता. वाटेतच हिची घडी पडली तर, हे दोनदा म्हणून झालं. पण तिची घडी करून त्यांनी ती खांद्याच्या पिशवीत घातली आणि माझ्या आरशासमोर आडवे-तिडवे उभे राहिले.

"बाहेरून दिसतीय का रं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी लगेच जायचा दिवस ठरवला.

वाटभर ते काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बसले होते. नाशिकला गाडी थांबली तर चहालाही उतरेनात. धुळं जवळ आलं तसा त्यांनी माझा हात धरला.

आक्काच्या घराच्या फाटकाशी नाना थांबले. काठीची घडी केली आणि पिशवीत टाकली. अंगण नुकतंच धुतलेलं होतं, फरशीवर पाणी चकाकत होतं. मी म्हणालो, नाना, निदान ओटीपर्यंत तरी काठी घ्या.

"आक्का मानसं इसरायला लागलीय," नाना म्हणाले. "भाचा रोज त्येच सांगत व्हता. तिला आठवत असंल तर पळनारा दत्तू आठवत असंल. समजा, काठी बघून तिनं मला वळखलंच न्हाई तर?"

नाना भिंतीला हात लावत निघाले आणि मी मागं, त्यांना धरावं की नाही या विचारात.

आक्का ओटीवर खाटेवर बसली होती. वाळलेली, पण नजर स्वच्छ. तिनं आधी मला पाहिलं, मग नानांना. नाना म्हणाले, "आक्का, मी दत्तू."

तिनं हसून मान हलवली. "बसा पावणं," ती म्हणाली. "पोरगा येईलच एवढ्यात."

नानांनी भिंतीवरचा हात काढला. तो त्यांनी का काढला, मला अजून कळलेलं नाही. पुढचं पाऊल ओल्या फरशीवर पडलं आणि ते हेलकावले. मी धावलो, पण माझ्या आधी आक्का उठली होती. एवढ्या झटक्यात ती उठेल असं वाटलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी त्यांचा उजवा दंड पकडला.

"ओल्यात पळू नको म्हनून किती येळा सांगायचं तुला?"

"चुकलं, आक्का," नाना म्हणाले.

तिनं त्यांना शेजारी खाटेवर बसवलं. थोड्या वेळानं भाचा आला, तर तिनं त्याला हळूच विचारलं, हे पाहुणे कोण? पण दंड काही सोडला नाही. चहा आला तेव्हा नानांनी कप डाव्या हातात घेतला.