हाड पोखरायची चिठ्ठी

सबनीस सर नमस्कार करत नसत. समोरच्याचा हात ओढून घेत आणि बोटांची पेरं एकेक करून दाबत. "सकाळी मूठ वळते का?" हा त्यांचा रामराम. कोपरीत आमच्या चाळीमागच्या इमारतीत राहायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, हाताला काम नाही. एका लग्नात त्यांनी विहीणबाईंचा हात धरला, तेव्हा मांडवातल्या दोघांनी त्यांची कॉलर धरली. तरी सर विचारतच होते, सूज दोन्ही हातांना सारखी आहे का.

मी बाजारात मासळी विकायची. एकोणीसशे नव्वदच्या आसपास माझी बोटं सुजायला लागली. विळीवर सुरमई धरवेना. गिऱ्हाईक शेजारणीकडे जायला लागलं. हात गेले तर माझ्याकडे दुसरं होतं काय? विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर एक बाबा पांढऱ्या पुड्या द्यायचा. त्या पुड्यांनी तिसऱ्या दिवशी दुखणं पळालं आणि मी पुन्हा सपासप कापायला लागले.

सरांनी भर बाजारात माझी पेरं दाबली. पुड्यांचं ऐकून म्हणाले, दुखणं दबलंय, गेलेलं नाही. मग टोपलीशेजारी उकिडवे बसून शिकवणी सुरू. म्हणे अंगात एक टोळी हाड पोखरते, दुसरी भरते, हे रोजचंच. पण रक्तातले शिपाई चुकून आपल्याच सांध्यावर चालून गेले की चिठ्ठ्या धाडत सुटतात. पोखरणाऱ्यांना लिहितात, माणसं वाढवा. भरणाऱ्यांना लिहितात, घरी बसा. हे सांगताना त्यांचा चेहरा असा लाल, जणू त्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या.

मी म्हटलं, जन्मभर काटे बघितले, एकही कधी पोखरलेला किंवा भरलेला दिसला नाही.

"तो मेलेला मासा असतो, बाई."

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मी मासळीचं पाणी उचललं आणि सरांच्या पँटवर ओतलं.

दुसऱ्या दिवशी ते घरात शिरले आणि पुड्यांचा डबा खाडीत फेकून आले. चार दिवसांत मी आडवी. अंगाचं लाकूड झालं, पोटात पाणी ठरेना. मग त्यांनीच टॅक्सी करून मला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथली डॉक्टरीण पोरगेलीच होती. तिनं फोटो उजेडात धरला. माझ्या बोटांच्या हाडांच्या कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. दोन बोटं वाकडीच राहणार, म्हणाली, बाकीची औषधानं वाचतील. नंतर ती माझ्यावर नाही, सरांवर भडकली. पुड्यांत स्टिरॉइड असणार, बरेच दिवस घेतलं तर तेही हाड ठिसूळ करतं हे खरं. पण ते एकदम तोडलं तर माणूस दगावतो, हळूहळू उतरवायचं असतं. एवढं शिकून एवढं कळत नाही का, असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

बाहेर बाकड्यावर मी सुरू झाले. "जीव माझा होता की तुमच्या बापाचा?" आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. सर नेहमी एकाला दोन ऐकवणारे. त्या दिवशी त्यांनी वेगळंच काढलं.

म्हणाले, "आमच्या हिची बोटं वाकडी होत होती तेव्हा मी वर्गात हाडंच शिकवत होतो. ती म्हणायची, कणीक मळवत नाही. मी म्हणायचो, वय झालं तुझं. पोळी जाड आली की ताट सरकवायचो."

माझ्याकडे शिव्या अजून शिल्लक होत्या. राग तर आजही आहे. डबा माझा होता, विचारायला हवं होतं.

"उठा," मी म्हटलं, "औषधाची खिडकी बंद होईल."

ते उठले. खिडकीवर आमचा नंबर पुकारत होते. चौथी शिकलेली मी, पण कागदावरचा नंबर मलाच वाचून सांगावा लागला. चष्मा डोळ्यांवर असून सरांना तो दिसत नव्हता.