लाटांमधल्या खिंडी

मढजवळच्या धरणाच्या पाण्यावर गेनूभाऊ चाळणीचे लाकडी कडे सोडत आणि त्यातून दिसणारे डोंगर मोजत. चाळणीची जाळी केव्हाच फाटून गेली होती. कडे तेवढे उरले होते. लाटेच्या उंचवट्याला ते डोंगर म्हणत, खळग्याला दरी, आणि दोन उंचवट्यांच्या मधून पाणी वाट काढताना दिसे, तिथे खिंड.

"डोंगर आन् दऱ्या मिळून जेवढं, तेवढ्याच खिंडी भरत्यात. वारा कसाबी फिरू द्या!" असे ते वाटेत कोणालाही थांबवून सांगत.

मासे धरणारे विचारत, "आबा, माळशेज घावला का?"

"घावंल. तुला आधी मासा घावू दे."

मी शाळेत गणित शिकवतो. दुसऱ्याची चूक दाखवल्यावाचून मला राहवत नाही, हा माझा जुना दोष. एका सुट्टीत मी त्यांच्या होडीत बसलो, कड्याचे मोबाइलवर फोटो काढले आणि घरी मोजून पाहिले. थोड्याफार फरकाने म्हाताऱ्याचे म्हणणे खरे निघाले. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्या आनंदातच मी नको तेवढे बोललो.

"गेनूभाऊ, काठ सोडला की कडे कुठेही टाका, हिशेब एकच. इतक्या खोल पाण्यात लाटेला तळाची खबर नसते."

"आढ्याची बी न्हाई?"

"कसल्या आढ्याची?"

"आमच्या घराच्या. हितंच कुठंतरी हाय, पन जागा घावत न्हाई. म्हटलं, घरावरचं पानी जरा येगळं हालंल."

कडे त्यांच्या बायकोच्या चाळणीचे होते. ती धरणाआधीच गेली. तिने सारवलेले अंगण नंतर पाण्याखाली गेले.

"नाही," मी म्हणालो. वहीत लाल रेघ ओढावी, तसे.

आठवडाभर होडी काठालाच बांधलेली राहिली. अखेर मी त्यांच्या दारी गेलो. "माझे चुकले," म्हणालो.

"चुकलं कुठं, सर? बराबरच बोललात. चला."

खुंटीवरचे कडे त्यांनी काढून घेतले. होडी जरा आत जाताच, नेहमीसारखी जागा न शोधता, त्यांनी ते हातातून सोडले.

"समदं पानी सारखंच ना? मग हेच आमचं अंगण. मोजा."

मी मोजले. त्या खेपेस खिंडी दोनने कमी भरल्या.

"बरोबर आहेत," मी म्हणालो.