कापसाचं बेकायदा बांधकाम

परतूरजवळच्या एका गावातली सगळी बेकायदा बांधकामं दंड भरून कायदेशीर झाली आणि अतिक्रमण कक्षावर आभाळ कोसळलं. कक्षप्रमुख राधेश्याम साहेबांना वरून तोंडी कळवण्यात आलं, की महिनाअखेर एखादी तरी बेकायदा भिंत सापडली नाही तर कक्ष गुंडाळण्यात येईल. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्चीवर टॉवेल, दारात शिपाई, असलं वैभव कोण सुखासुखी सोडतो हो?

तशात चहाच्या टपरीवर त्यांना वनस्पतिशास्त्राच्या कनिका मॅडम भेटल्या. शेजारच्या झुंबरबाईंच्या रानातला कापूस चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "हा एक तंतू म्हणजे एकच पेशी, आणि तिची भिंत म्हणजेच कापूस. आधी पेशी लांब वाढते. वाढ थांबत आली की आतून थरावर थर देऊन भिंत जाड करते. किती द्यायचं, कधी थांबायचं, सगळा हुकूम आतल्या आत सुटतो."

"आणि परवानगी?"

"कुणाची?"

साहेबांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईंच्या रानात पथक उतरलं. एकेका बोंडात हजारो भिंती, एकीचाही नकाशा मंजूर नाही. रानाच्या कडेला, धुऱ्यावर 'काम बंद'चा फलक लागला. कापसाच्या पऱ्हाट्यांनी तो वाचला नाही. बोंडं फुटतच राहिली. हा आदेशाचा अवमान समजून साहेबांनी वेचणीच बंद केली. वर आभाळ भरून आलेलं. कापूस भिजला तर बाईंचं वर्ष मातीत.

"साहेब, म्या कुठं बांधलं? बांधणारीला धरा की," झुंबरबाई म्हणाल्या.

"ती पेशी तर मरते," गलका ऐकून आलेल्या कनिका मॅडम म्हणाल्या. "भिंत पुरी झाली की पेशी संपते, मग बोंड फुटतं."

"बांधणारा मयत असेल तर आत राहणारा जबाबदार. नियमच आहे," साहेब म्हणाले.

"मंग बराबर. माझ्या रानातल्या भिंतीत कुणीच न्हाई. तुमच्या सदऱ्यात मातर एक माणूस राहून राह्यलाय."

साहेबांनी खाली पाहिलं. सदरा सुती, बनियन सुती. दुसरा कुणी असता तर लाजला असता. साहेबांना मात्र अख्खा जिल्हा दिसला, कपडे घातलेला. त्यांनी झुंबरबाईंना लवकर वेचून घ्यायला सांगितलं आणि सोमवारी 'अंगावरील बांधकाम नियमित करण्याची' खिडकी उघडली. कक्ष वाचला.

तुम्ही हसताय. हसा बापडे. दंड भरायची मुदत संपत आली, की 'कशाला नसती भानगड' म्हणत सदरा हातावर टाकून रांगेत तुम्हीच उभे राहणार, आणि पुढच्याला हळूच विचारणार, "आत कुणी ओळखीचं आहे का हो?"