धाकटी आत्या

तासगावच्या रत्नप्रभा काटकर यांनी लॅपटॉपला नवा वायफाय ॲडाप्टर लावला आणि त्याने बारशाच्या दिवशी सकाळी साडेनऊला कळवलं की, बाकी सगळं बोलणं तो पोचवील, पण बाळाच्या कानात सांगायचं नाव पोचवणार नाही. ते नात्यातल्या माणसाचं काम आहे.

ॲडाप्टर बोटाच्या पेराएवढा होता. लॅपटॉपमधलं मूळचं वायफाय उन्हाळ्यातच बंद पडलं होतं, म्हणून रत्नाताईंनी तो आदल्या दिवशी बाजारातून आणला. सोबत एक चकती होती. लॅपटॉपला चकती घालायची जागा नव्हती, तेव्हा ती त्यांनी सुयांच्या डब्याखाली जपून ठेवली. ॲडाप्टर बाजूच्या खाचेत बसवला, नेटवर्कांच्या यादीतून आपलं नाव शोधलं, पासवर्ड घातला. तोही दोनदा, कारण पहिल्यांदा चष्मा नव्हता. हिरवा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर वेलिंग्टनमधला पाळणा दिसला. रत्नाताईंना तेवढ्यानेच भरून आलं.

श्रीधर हा त्यांचा न्यूझीलंडला राहणारा एकुलता एक भाऊ. त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हे पहिलं मूल. त्या अकरा वर्षांत रत्नाताईंनी लोकांचे ब्लाउज शिवता शिवता एक नाव मनात पक्कं केलं होतं, आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी तिकडे बाळाच्या कानाशी यंत्र धरायचं, इकडून आत्याने नाव सांगायचं, असं ठरलं होतं. नाही जमलं तर श्रीधरच्या बायकोची, केतकीची, आई तिथे होतीच. ती सांगून मोकळी झाली असती.

"अहो, पण आपली ओळख झालीय की," रत्नाताई म्हणाल्या. "कालपासून तुम्ही माझ्याच घरात आहात."

"आहे ना," ॲडाप्टर म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, वाकून ऐकावा लागे. "हवापाणी सांगा, स्वयंपाक सांगा, सगळं नेतो. कानातलं बोलणं परक्याने ऐकू नये, असा नियम आहे."

शेजारच्या जुबेदाभाभी मुल्लाणी बारशासाठी चांगली साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मग मोठ्यानेच सांगा की. मोठ्यानं बोललेलं नेतोय ना तो?"

"मोठ्यानं सांगितलं तर ते नाव कसलं, भाभी? ती दवंडी झाली."

हे ॲडाप्टरलाही पटलं.

रत्नाताईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "तुम्हाला भाऊ करून घेते."

"भाऊ झालो तर बाळाचा काका होईन. काका नाव ठेवत नाही."

"खरंय," जुबेदाभाभी म्हणाल्या. "नियमानं चालणारा आहे, ताई. उगीच चिडू नका."

"मग बहीण हो. धाकटी."

ॲडाप्टरने विचार करायला दोन मिनिटं घेतली. तेवढ्यात पाळणा पडद्यावरून गेला आणि परत आला. मग त्याने कळवलं की बहीण व्हायला हरकत नाही. लेखी हवं, एक साक्षीदार हवा आणि बहिणीला नाव हवं. रत्नाताईंनी मापांच्या वहीचं मागचं पान फाडलं आणि लिहिलं, 'ही माझी सख्खी धाकटी बहीण आहे.' खाली जुबेदाभाभींनी सही केली, आणि सवयीने गल्लीचा पत्ताही घातला.

"आता तुझं नाव कमळ ठेवते," रत्नाताई म्हणाल्या.

"तुम्ही कसं ठेवाल?" ॲडाप्टर म्हणाली. "तुम्ही बहीण. माझी आत्या कुठाय?"

साडेदहा झाले होते. रत्नाताईंनी बटणांचा फोन काढला. त्यावरून परदेशी बोलता येत नसे, पण मिरजेला लागे. मिरजेत गोदूआत्या होत्या, वय चौऱ्याऐंशी.

"बहीण? कितवी?" गोदूआत्या ओरडल्या.

"दुसरी, आत्या. धाकटी."

"तुझ्या बापानं मला सांगितलंसुद्धा नाही! दिसायला कशी आहे?"

"बारीक आहे. हिरव्या दिव्याची."

"जेवत नसेल धड. धर फोन तिच्या कानाशी."

रत्नाताईंनी फोन लॅपटॉपच्या कडेला धरला. गोदूआत्या काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. जुबेदाभाभींनी मिरजेच्या वतीने फोनच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि कुर्रर्र केलं. मग गोदूआत्यांनी नाव जाहीर केलं. ते कमळ नव्हतं, शेवंता होतं.

अकरा वीसला श्रीधरने तिकडे बाळाच्या कानाशी यंत्र धरलं. रत्नाताई पदर सावरून खाली वाकल्या आणि अकरा वर्षं सांभाळलेलं नाव शेवंताच्या कानात सांगितलं. जुबेदाभाभींनी त्यांची पाठ अशी बडवली की चष्मा घसरला, आणि मग एका बोटाने शेवंतालाही हलकेच थोपटलं. तिकडे बायका कुर्रर्र म्हणाल्या.

"ताई, काय ठेवलंस गं?" श्रीधरने विचारलं.

"नीरजा," रत्नाताई म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

पडदा बंद झाल्यावर शेवंता म्हणाली, "मीपण एक सांगितलं."

"काय एक?"

"नाव. मीही आत्याच आहे."

रत्नाताईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. एवढी वर्षं त्या एकट्याच आत्या होणार होत्या. जुबेदाभाभींनी आपला पेढा खाऊन टाकला. त्या पाच बहिणींतल्या मधल्या होत्या.

"काय सांगितलंस?" रत्नाताईंनी विचारलं.

"ताई, कानातलं आहे ते."

रत्नाताईंनी पेढ्याचा कण लॅपटॉपच्या कडेला ठेवला, आणि दुपारी खणाच्या तुकड्याचं एक इवलंसं झबलं शिवून शेवंताला घातलं. दिव्यापुरती जागा उघडी ठेवली.

पुढे दर रविवारी पाळणा दिसायचा. रत्नाताईंनी "नीरजा" म्हटलं की बाळ हसायचं. मध्येच इकडे कुणाला काही ऐकू न येता ते मान वळवायचं आणि पुन्हा हसायचं, तेव्हा रत्नाताई टीप घालणं थांबवून शेवंतासाठी थोडं बाजूला सरकत.

भाऊबीजेला श्रीधरने दरवर्षीसारखी एक साडी न पाठवता दोन पाठवल्या, एक मोतिया, एक जांभळी. रत्नाताईंनी मोतिया घेतली. जांभळी शेवंताने श्रीधरला आधीच सांगून ठेवली होती.