चिलखतधारी मदतनीस

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी दूध तापवले, चष्मा पुसला आणि आरशाला ठामपणे सांगितले, "आज माझ्यामुळे सगळे वाचणार!"

दहा वाजता वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ सुरू झाला. प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका घ्यायची, ते काय करते हे बोलायचे. जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो; आकडा मोठा आला तर जमले. सोबत्याने मदत केली तर फासा दोनदा टाकता येतो, फक्त मदत कशी केली ते सांगावे लागते. माझा वीर नखशिखान्त लोखंडी चिलखतात असतो आणि मदतीला कधीही नाही म्हणत नाही.

वहिनींची चोरटी झोपलेल्या राक्षसाच्या गळ्यातली किल्ली काढायला निघाली. तीन वर्षे जिवापाड जपलेले पात्र. आता एक फटका बसला की संपलेच!

"मी मदत करतो!"

"कशी?" खेळ चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले.

"कंदील धरतो."

"झोपलेल्याच्या तोंडावर?"

दोन्ही वेळा फासा वाया गेला. राक्षसाने एक डोळा उघडला! चोरटी साखळीला लोंबकळत राहिली.

आमच्यात खेळणाऱ्या औषधदुकानदारांच्या जादूगाराने घाईघाईने अंगाई सुरू केली.

"मी ताल धरतो!"

"लोखंडी बुटांनी?" दुकानदार किंचाळले.

दुसरा डोळा उघडला! जादूगार तत्काळ अदृश्य झाला. तो हरवू नये म्हणून मी त्याचा हात घट्ट धरला. राक्षसाने पाहिले, लोखंडी माणूस हवेचा हात धरून उभा आहे! त्याने शांतपणे ती हवा मुठीत उचलली.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

मग राक्षस पुन्हा पेंगू लागला. आता चोरटीला शेवटची संधी होती. वहिनींनी फासा मुठीत घट्ट आवळला.

"कोणी मदत करणार?" बाईंनी विचारले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

माझ्याकडे चार योजना होत्या. त्यातली एक तर फारच सुंदर होती! मी वहिनींच्या मुठीकडे पाहिले आणि चारही गिळल्या.

"माझा वीर खाली बसतो," मी म्हणालो.

"चिलखत वाजेल."

"मग... उभाच राहतो."

वहिनींनी फासा एकदाच टाकला. एकोणीस! किल्ली हातात आली. पेंगणाऱ्या राक्षसाची मूठ सैल सुटली आणि जादूगारही निसटला.

"अहो, जमतं की तुम्हाला!" वहिनी म्हणाल्या.

चोरटी दाराबाहेर पडेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.