प्रमाणित उंदीर आणि तानीबाईचा खोकला

विज्ञानाची प्रगती उंदरांच्या प्रकृतीवर अवलंबून असते, हे आता सर्वमान्य आहे. १९८१ साली निपाणीच्या तानीबाईला ते मान्य नव्हतं. पण ती तंबाखूच्या वखारीत चाळणीवर असल्यानं तिचं मत कुणी घेतलं नव्हतं.

तिचा लेक भीमसेन पुण्यात डॉक्टरेट करत होता. विषय : तंबाखूच्या धुळीनं पांढऱ्या पेशींची कर्करोगाशी झुंजायची ताकद घटते का. (म्हणजे घरचाच विषय, पण शिष्यवृत्तीसह.) धूळ न्यायला तो वखारीत आला, तोंडाला पट्टी, हातात रबरी मोजे. तानीबाईनं उघड्या हातानं डबा भरून दिला आणि खोकली.

"उंदरास्नी किती येळ देतोस ही?"

"दिसाला दोन तास. जास्त दिली तर क्रूरपणा हुतो म्हणतात सर."

"मी धा तास बसतो रं."

"तू उंदीर न्हाईस, आई."

यात तथ्य होतं. उंदरांना बावीस अंशांची हवा, भिजवलेले हरभरे, आठवड्याला वजन. एखादा शिंकला तरी वहीत नोंद. तानीबाईची नोंद फक्त वखारीच्या हजेरीत.

"मग मलाबी तपास की. दोन वरसं खोकतोय."

"शास्त्राला शुद्ध वंश लागतो. आमचे उंदीर वीस पिढ्या भावाबहिणीत लावल्यात. मिसळ रक्त चालत न्हाय."

तानीबाईची चाळणी थांबली. "उंदरातबी हाय व्हय ते?"

प्रश्न प्रबंधाच्या कक्षेबाहेरचा असल्यानं भीमसेननं डब्याला झाकण लावलं. आईचा एक्स-रे बेळगावात काढायचा ठरला, पण प्रबंध झाल्यावर. जाताना पट्टी त्यानं आईला दिली. तिनं ती धुऊन चहा गाळायला घेतली (ज्ञानाचा प्रसार असाच होतो) आणि गुणगुणली :

बाई चाळणी चाळीते, धूळ बसे पदराला
लेक माझा शिकूनिया उंदीर धरी उराला

चार वर्षांनी प्रबंध झाला. ऋणनिर्देशात मार्गदर्शक, संस्था आणि तीनशे बारा उंदीर. सत्कार वखारमालकाच्या हस्ते. भाषणाच्या आड तानीबाईचा खोकला येऊ लागला, तसा कुणीतरी लाऊडस्पीकरचा आवाज वाढवला. एक्स-रे पुढच्या संशोधनात घ्यायचा ठरला, कारण ते माणसांवर होतं. यादीत पहिलं नाव तानीबाईचं.

"बसलो बाबा एकदाचा उंदरांच्या पंगतीला," ती म्हणाली.

आता फक्त तुलनेचा गट हवा होता. या गटाला धूळ लागत नाही, काही करावंही लागत नाही. धडधाकट राहून दुसऱ्याकडं बघत बसायचं. निपाणीत तसं कुणी मिळेना. ती जागा आपण इथवर वाचत येऊन भरलीत, आभारी आहोत.

श्वास नीट चाललाय ना? वहीत तेवढंच लिहायचं आहे.