मारुतीचा तौलनिक उपास

आणीबाणी उठली त्या वर्षी श्रावण आणि रमजान बरोबरच आले, आणि आमच्या मारुती वाघमोडेनं दोन्ही धरले. भक्तीनं नव्हे हो, अभ्यास म्हणून!

मारुती आमच्या पुढच्या खोलीतला भाडेकरू. नातेपुत्याकडचा. सकाळी कॉलेजात बी.ए., दिवसभर चादरींच्या दुकानात घड्या घालायचा. वय तिशीचं, त्यामुळे वर्गातली पोरं त्याला मामा म्हणायची. सरांनी हिंदू धर्म आणि इस्लाम यांची तुलना करणारा निबंध सांगितला, तेव्हा बाकीच्यांनी लायब्ररीतलं पुस्तक उतरवून काढलं नि मोकळे झाले. मारुती म्हणाला, "पुस्तक वाचून भूक कळत न्हाय. दोन्हीकडचं बघाय लागतंय की."

हे त्याचं पालुपद. चहा घेणार की सरबत विचारलं तरी हेच. आणि दोन्ही प्यायचा, लबाड!

रोजे धरले ते मागच्या गल्लीतल्या अमीनाखालाकडे. श्रावणी सोमवार आमच्याकडे, आईच्या हाताखाली. पहिल्याच सोमवारी घोटाळा झाला. रोज्याच्या आधी पहाटे पोटभर खायचं, आणि खालाकडे होती भाकरी. सोमवारी भाकरी चालत नाही म्हणून हा पठ्ठ्या नुसता पाणी पिऊन उठला आणि दुपारी दुकानात चादरींवरच आडवा झाला. मालकानं रिक्षात घालून घरी पाठवला.

खाला भडकली. तडक आमच्याकडे येऊन तिनं आईकडून साबुदाण्याची खिचडी शिकून घेतली. पुढच्या सोमवारपासून पहाटे वेगळ्या पातेल्यात खिचडी, आणि संध्याकाळी आधी खालाकडचा खजूर, मग आईच्या हातचा वरण-भात. खजूर उपासालाही चालतो आणि रोजा सोडायलाही, हा शोध मारुतीनं सगळ्या गल्लीला ऐकवला. महिनाभरात गडी चांगला बाळसेदार झाला. दोन दोन उपास करून वजन वाढलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

ईद झाली. गणपती बसले, उठले. निबंधाचा पत्ता नाही. अजून एक मुद्दा बघायचा राहिलाय म्हणत मारुती दोन्ही घरी जेवतच होता. शेवटी सरांनी बजावलं, सोमवारी निबंध आला नाही तर परीक्षेला बसू देणार नाही. वर्ष जाणार! आईनं मला त्याच्याकडे पिटाळलं.

मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. त्यानं उशीखालून लिहिलेले कागद काढून माझ्यापुढं ठेवले. मग म्हणाला, "लिवून कवाच झालंय. पर दिलं की संपलं न्हवं? गावाकडं माझं कोन न्हाय. मग खालाच्या दारात काय म्हनून हुबं ऱ्हाऊ? आन् काकूंच्या तरी?"

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि तशीच मागच्या गल्लीत गेली.

सोमवारी मारुतीनं निबंध दिला. संध्याकाळी दुकानातून आला आणि खोलीचं दार लावून बसला. ना आमच्याकडे, ना खालाकडे. दिवाही लावला नाही.

थोड्या वेळानं खाला आली, हातात झाकलेलं पातेलं. तिच्या मागं ताट घेऊन आई. खालानं दारावर थाप मारली.

"क्या रे मारुती, पेपर हो गया तो भूक बी मर गई क्या?"

दार उघडलं. मारुतीनं दोघींकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच बसून लहान पोरासारखा रडायला लागला. आई म्हणाली, "आधी जेव बाबा, गार होतंय."